१५० चौ.मी.पर्यंतच्या प्लॉटवर घर: पावतीवर बांधावं की रीतसर छाननी करून घ्यावी?

रेखांकन, ओळंबा आणि सातबारा या तिघांची ही चर्चा.

रेखांकन: २०२० च्या एकीकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे १५० चौ.मी.पर्यंतच्या प्लॉटवर तज्ज्ञाच्या सहीचे नकाशे दाखल करून शुल्क भरलं की पावती हीच परवानगी. महाराष्ट्रातल्या लहान गावांसाठी हे योग्यच आहे. दुमजली घराच्या नकाशात समास अंतरं (हद्द आणि घर यांच्यात सोडायची मोकळी जागा), जिना, खोल्यांची मापं, सेप्टिक टँकची जागा एवढंच बघायचं असतं, आणि ते सही करणाऱ्या इंजिनिअरचंच काम आहे. नगरपंचायतीच्या टेबलावर फाईल पडून राहिल्याने घर जास्त सुरक्षित होत नाही.

ओळंबा: नकाशा बरोबरच असतो, चूक होते लाइनआउटला, म्हणजे जागेवर दोरीने आखणी करताना. समास अंतर भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजतात, मिस्त्री मात्र दोरी मध्यरेषेला लावतो. २३० मि.मी.च्या भिंतीत तिथेच ११५ मि.मी. गेले, वर प्लास्टर. नकाशात जेमतेम १.५ मी. सोडले असतील तर जागेवर १.३७ सुद्धा उरत नाहीत. खड्डे भरण्याआधी दिसलं तर दोरी सरकवून भागतं, जोता भरल्यावर नाही. मालक, इंजिनिअर, ठेकेदार एकाच बाजूचे असताना चुकीची दोरी दाखवणार कोण?

सातबारा: तुमचं भांडण नकाशावर, पण फाईल अडते जमिनीच्या कागदांवर. सातबाऱ्याचं क्षेत्र मोजणीच्या ‘क’ प्रतीशी (सरकारी मोजणीनंतर मिळणाऱ्या हद्दीच्या नकाशाशी) जुळत नाही, सहहिस्सेदारांची संमती नसते, किंवा प्लॉट मंजूर लेआउटमधला नसतोच. गुंठेवारीचा (लेआउट मंजूर न करता पाडलेला तुकडा) असेल तर आधी नियमितीकरण, आणि २०२१ च्या दुरुस्तीनुसार तेही ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्याच गुंठेवारीला. असल्या प्लॉटवर नुसती पावती काय कामाची? छाननीत हे वीट लागण्याआधी कळतं, म्हणून मी ओळंबांच्या बाजूने.

रेखांकन: कागद तपासायला वकील पुरतो. लाइनआउटसाठी आधी मोजणी करून हद्दीचे दगड कायम करा, मापं बाहेरच्या कडेची लिहून द्या, दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले नाहीत तर काटकोन चुकलाय. रीतसर प्रस्तावाचा वेळही धरा. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ नुसार ६० दिवसांत उत्तर नसेल तर परवानगी मानीव, म्हणजे मिळाली असंच धरतात, पण त्रुटीपत्र आलं की तुमच्या उत्तरापासून नव्याने ६० दिवस. दोन त्रुटीपत्रांत उन्हाळा संपतो. काळ्या मातीत भर पावसात खोदलेला पाया हा ११५ मि.मी.पेक्षा मोठा धोका आहे.

ओळंबा: मानीव परवानगीवर तर विसंबूच नका. नकाशा नियमांत बसत असेल तरच ती लागू होते, म्हणजे कुणीतरी तपासायला लागतंच! पावसाळ्याची भीती रास्त आहे, पण त्यावर उपाय आहे: प्रस्ताव नोव्हेंबरातच द्या, मोजणीचा अर्ज त्याच्याही आधी. मोजणी लांबली की पुढचं सगळं लांबतं. फार आधीही नको, कारण कलम ४८ प्रमाणे परवानगी एक वर्षाची; त्यात काम सुरू झालं नाही तर मुदतवाढ मागावी लागते.