आज डेटा किती गेला? मोबाइल, वायफाय, हॉटस्पॉटचे किस्से (अनुभव धागा)

संत्र्याची_फोड
काल कूलरच्या ताट्या (बाजूला लावतात त्या गवती जाळ्या) शोधायला गच्चीवरच्या खोलीत गेले आणि हाती लागली जुनी भिंतीवरची कॅलेंडरं, सुतळीने बांधलेली. आमचे बाबा वीज मंडळातून रिटायर झाले. नोकरीभर रीडिंग घेतलं, त्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं रीडिंग झालंच पाहिजे. २०१३ चं उघडलं तर दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख आणि त्याच चौकोनात बारीक अक्षरात 'डेटा २९ एमबी'. दुसऱ्या दिवशी लाल शाईत: 'डेटा ४१. सौ.ने पुरणपोळीचा व्हिडिओ पाहिला.'

त्यामागचं कारण आठवलं आणि एकटीच हसत बसले. २०१२ च्या दिवाळीत मी त्यांना पहिला टचवाला फोन घेऊन दिला होता. रात्री नेटपॅक संपला, डेटा सुरूच राहिला, आणि सकाळी बॅलन्स साफ. तेव्हा पॅक नसला की १० केबीला १० पैसे लागायचे. बाबांनी पेपरच्या कोऱ्या बाजूवर गुणाकार करून दाखवला, म्हणजे एका एमबीला दहा रुपये! त्या दिवसापासून रोज रात्री दहाला सेटिंगमध्ये जाऊन आकडा बघायचा आणि कॅलेंडरवर टिपायचा. महिन्याला १ जीबीचा पॅक, म्हणजे दिवसाला ३४ एमबी. त्याच्या वर गेलं की लाल शाई.

२०१६ च्या कॅलेंडरवर ५ सप्टेंबरच्या चौकोनात, त्या दिवशी गणपती बसले होते, फक्त 'जिओ आले' एवढंच आहे. पुढे दूध आहे, सिलिंडर आहे, डेटा नाही.

आणि मी? कालच माझा दीड जीबी दुपारी चारला संपला. कुठे गेला, काही पत्ता नाही. तुमचंही सांगा. डेटा, वायफाय, फसगत, काहीही चालेल.

तर्रीबाज
'सौ.ने पुरणपोळीचा व्हिडिओ पाहिला.' हसून हसून पुरेवाट. काकांना साष्टांग.

बर्डीचा_भाऊ
माझा ऐका न. दिवाळी करून पुण्याले वापस चाललो होतो. समोरच्या बर्थवर ताईचा पोट्टा, त्याच्याजवळ टॅब. 'मामा, हॉटस्पॉट दे न.' दिला बाप्पा. सेवाग्राम यायचंच होतं तं मेसेज, ५० टक्के डेटा संपला. मंग ९० टक्के. पुलगाव यायच्या आधी १००. मी म्हटलं काय पाहून राहिला बे इतकं? उठून पाहतो तं पोट्टा झोपला होता! टॅब पोटावर, आन् आतमधून मावशीच्या लग्नाचे सारे व्हिडिओ बॅकअपले चढून राहिले होते. टॅबले वाटलं वायफाय भेटलं. पुण्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत गेलो. रात्री तं तेही दिसत नाही.

झिरो_माईल
@बर्डीचा_भाऊ, टॅबची चूक नाही. हॉटस्पॉट घेणाऱ्या यंत्राला तो वायफायच दिसतो, आणि 'बॅकअप, अपडेट फक्त वायफायवर' असं आपणच त्याला सांगून ठेवलेलं असतं. टॅबमध्ये त्या नेटवर्कच्या नावावर जाऊन ते 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायचं, करून ठेवा, मग तो हात आखडता घेतो. लॅपटॉपलाही हीच सोय असते. माझ्या एकदा बाहेरगावी मीटिंगच्या ऐन आधी लॅपटॉपने हॉटस्पॉटवर अपडेट ओढायला घेतलं होतं, तेव्हा हे शिकलो. मीटर्ड हा शब्द फोडताईंच्या बाबांना आवडेल.

बर्डीचा_भाऊ
हाव, आता तेच केलं. आन् हॉटस्पॉटचा पासवर्ड १२३४५६७८ होता तोही बदलला, डब्यातल्या आणखी कोणी हात धुतले काय माहीत.

वाळ्याचा_पडदा
माझ्याकडे तर खुद्द कूलरचाच किस्सा आहे. मोठा होईल, वरणाला फोडणी द्यायचीय, पण लिहितेच.

एप्रिल लागला की माझा रोजचा डेटा दुपारी तीनच्या आत संपायचा. घरात वायफाय, वर्षाचे पैसे भरलेले, फोनवर पंखा दिसतोय, मग डेटा कोण खातंय? आधी संशय शेजारच्या पोरांवर, मग स्वतःच्या मुलीवर. तिला बोलले ते बोललेच, अजून काढते. मग हॅक झाला असेल म्हणून फोन पुसून नवा केला, त्यात माझे दोनशे नंबर गेले. यजमानांचं एकच, 'हे सिमवाले लुटतात.' असे दोन उन्हाळे गेले. गंमत म्हणजे पावसाळा लागला की आपोआप बरं व्हायचं. जुलैत तक्रार करायला जावं तर तक्रारच शिल्लक नसायची.

शेवटी भाच्याने पकडलं. राउटर बैठकीत. उन्हाळ्यात आमचा लोखंडी कूलर बैठक आणि झोपायच्या खोलीच्या मधल्या दारात असतो, झोत खोलीकडे. म्हणजे राउटर आणि माझा पलंग यांच्या मधोमध पत्रा आणि टाकीभर पाणी. वायफायला दोन्ही जड जातात म्हणे. खोलीत सिग्नल जेमतेम एक काडी. आणि फोनमध्ये एक आगाऊपणा असतो. वायफाय मंद वाटलं की मोबाइल डेटावर उडी मारायची, मालकिणीला न विचारता. वर कोपऱ्यात खूण बदलते म्हणे, पण मी काय कोपऱ्यात बघत बसू? दुपारची सिरीयल सुरू असते.

भाच्याने ते बटण बंद केलं. मुलीचा आयफोन आहे, त्यात त्याला 'वायफाय असिस्ट' म्हणतात. २०१५ पासून आहे आणि आपसूक चालूच असतं. मोबाइल डेटाच्या पानावर बोटाने सरकवत सरकवत पार तळाशी गेलं की सापडतं. राउटर कपाटावर चढवला. आता सिरीयल मधेच गोल गोल फिरते, पण डेटा रात्रीपर्यंत पुरतो. मुलीची माफी मागायची राहिलीय.

संत्र्याची_फोड
बाई गं! थांबा, मी माझं बघते.

निंबाची_सावली
दारात कूलर? भिंतीला ओल नाही येत का? आमच्याकडे खिडकीत लावूनही पोपडे सुटले.

वाळ्याचा_पडदा
येते ना. दिवाळीत रंग.

तर्रीबाज
ताट्या कुठून घेता सगळे? गेल्या वर्षीच्या महिन्याभरात गळल्या.

निंबाची_सावली
इतवारी बाजारात. सकाळी दहाच्या आत जाजा, नंतर ऊन सोसत नाही.

फलाट_क्रमांक_आठ
विषयावर येते. एका मोठ्या स्टेशनवर गाडी चार तास लेट. रेल्वेचं फुकट वायफाय अर्धा तास मिळतं, नंबर टाकायचा, ओटीपी येतो, झालं. माझा अर्धा तास संपला. यादीत जवळजवळ तेच नाव आणखी एकदा, शेवटी एक शब्द जास्त, कुलपाची खूण नाही. वाटलं दुसरा फलाट असेल. जोडलं. पान आलं, 'पुढे चालू ठेवण्यासाठी फक्त १ रुपया.' खाली कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, आणि एटीएमचा पिन. मी आकडे भरत भरत पिनपर्यंत पोचले. एका रुपयासाठी! तेवढ्यात हे चहा घेऊन आले, खांद्यावरून बघितलं आणि फलाटभर ऐकू जाईल असे ओरडले, 'पिन कोण मागतं गं?' चहा अर्धा माझ्या साडीवर.

पान बंद केलं, वायफाय बंद केलं, माझ्याच डेटावर बँकेचं ॲप उघडून कार्ड ब्लॉक केलं. पैसे वाचले. पण महत्त्वाचं पुढेच आहे. पंधरा दिवसांनी त्याच स्टेशनवर उतरले तर फोन आपण होऊन त्याच नावाला जाऊन चिकटला! तेव्हा कळलं, नुसतं तोडून भागत नाही. यादीत जाऊन 'नेटवर्क विसरा' करावं लागतं.

तर्रीबाज
यांचा चहाही वसूल झाला म्हणायचं.

सदरची_सून
म्हणूनच बाहेरच्या वायफायवर बँक बिंक काही नाही. मी तर स्टेशनवर फोन पर्समधून काढतच नाही.

झिरो_माईल
इतकंही घाबरू नका. बँकांची ॲपं आणि साइटी आता कुलूपबंदच बोलतात, त्यामुळे बाकावर शेजारी बसलेला माणूस हवेतून तुमचा पासवर्ड वाचेल असं सहसा होत नाही. फसवतं ते खोटं पान. आणि दुसरं म्हणजे, फोन कधी कधी 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा देतो आणि आपण घाईत 'तरीही पुढे जा' दाबतो. ते नका दाबू. तरी मी स्वतः पैशाचं काम डेटावरच करतो, ते दोन मिनिटांचं असतं, २ एमबीसुद्धा लागत नाहीत.

महालातला_वाडा
आमच्या वाड्यात वायफाय घेणारे आम्ही पहिले. पासवर्ड एका वहिनींना दिला, मुलाची परीक्षा होती म्हणून. सहा महिन्यांनी राउटरच्या यादीत १७ फोन. आमच्या घरी माणसं चार! एका फोनचं नाव तर 'पिंटू इस्त्रीवाला'. पासवर्ड बदलला. झालं, संक्रांतीला हळदीकुंकवाला निम्म्या बायका आल्याच नाहीत. सासूबाई म्हणाल्या, 'पाणी मागितलं तर नाही म्हणतो का आपण?' शेवटी राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असतं ते सुरू करून दिलं, त्याचा वेग कमी ठेवला. आता सगळ्या येतात. वाण घेतात आणि वायफाय स्लो आहे म्हणून सांगून जातात.

निवृत्त_पण_जागा
@महालातला_वाडा, सासूबाईंना एक सांगा. २६ जुलै २००८, अहमदाबादचे बॉम्बस्फोट. स्फोटांच्या काही मिनिटं आधी जो धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरच्या वायफायवरून. त्या बिचाऱ्याचा काडीचा संबंध नव्हता. पण पोलीस आधी त्याच्याच दारात आले. पाण्याची घागर कोणी नेली तर आपल्या नावाने काही होत नाही, वायफायचं तसं नाही. राउटरचा ॲडमिन पासवर्डही, म्हणजे त्याच्या सेटिंगमध्ये शिरायचा, बदला, बहुतेक घरी तो कंपनीने दिलेलाच असतो.

महालातला_वाडा
वाचून दाखवलं. म्हणाल्या पिंटूला तरी राहू दे, तो साधा आहे.

खर्रा_सोडला
आमच्या आईचे १४ ग्रुप. रोज सकाळी सहाला सूर्य, फूल, चहाचा कप, दोन मारुती. सात वाजेपर्यंत ३०० एमबी. व्हॉट्सॲपमध्ये 'मोबाइल डेटावर मीडिया आपोआप उतरवू नये' करून दिलं. आता ती एकेका धूसर चित्रावर बोट ठेवून उघडते, एकही सोडत नाही. ३०० एमबीच.

मुक्काम_मानेवाडा
वाचतेय केव्हाची. लिहू की नको करत होते.

माझे ४२ हजार गेले. ५जी आपल्या नागपुरात पहिल्या काही शहरांतच आलं, ऑक्टोबर २०२२. त्यानंतरच्या हिवाळ्यात फोन आला, 'तुमचं सिम ५जी करून देतो, एक मेसेज येईल तो पुढे पाठवा.' छान मराठी बोलत होता, मला ताई म्हणत होता. पाठवला. माझ्या नंबरचं नवं सिम त्याच्याकडे सुरू झालं, माझं मेलं. आणि मला दुपारभर कळलंच नाही, कारण मी घरी, वायफायवर! व्हॉट्सॲप येतंय, गाणी लागतायत, धाकट्याचा ऑनलाइन क्लास सुरू आहे. वरच्या सिग्नलच्या काड्या गेल्यात हे बघितलं कोणी? संध्याकाळी भाजीला खाली उतरले, वायफाय सुटलं, आणि फोन मुका. ओटीपी सगळे तिकडे जात होते तोपर्यंत.

शेजारच्या काकांच्या फोनवरून १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लावला, मग बँक. थोडे पैसे वाटेत अडवले गेले, ते परत मिळाले. बाकीचे नाही. आता माझी एक सवय आहे, दिवसातून दोनदा वायफाय बंद करून बघते, सिम जिवंत आहे ना. घरचे हसतात.

फलाट_क्रमांक_आठ
हसू देत. मी आजपासून करणार.

वाळ्याचा_पडदा
ताई, फार वाईट वाटलं. वायफाय चालू असलं की सिम मेलेलं कळत नाही हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

झिरो_माईल
हे माझ्याही नाही, आणि मी याच धंद्यात आहे. सिम अचानक 'नो सर्व्हिस' झालं आणि शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज असेल तर टॉवरची वाट बघत बसू नका. लगेच दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला कळवा.

सदरची_सून
माझं लहानसं. मुलाकडे सिंगापूरला गेलो तेव्हा ह्यांनी डेटा रोमिंग बंद केलं नव्हतं. विमानतळाचं वायफाय मिळेपर्यंत पंधरा मिनिटं, तेवढ्यात फोनने साठलेले सगळे मेल ओढले. बिल बघून ह्यांनी तिथे आठ दिवस बाहेर कॉफी घेतली नाही.

बर्डीचा_भाऊ
त्यापेक्षा पोट्ट्याचा टॅब परवडला.

निवृत्त_पण_जागा
पोस्टपेडवाल्यांनी लक्षात ठेवा, डेटा लागतच नसेल तर १९२५ वर फोन करून तो सरळ बंदही करता येतो. आमच्या सौ.चा केलाय. तिला फक्त बोलायचं असतं.

तर्रीबाज
नशीबवान आहात, आमच्याकडे बोलणं बंद करायचा नंबर शोधतोय.

संत्र्याची_फोड
सापडलं! सेटिंगमध्ये ॲपनुसार बघितलं. काल गच्चीवर बसून बहिणीला व्हिडिओ कॉलवर एकेक कॅलेंडर दाखवत होते, दीड तास. राउटर खाली, मी तिसऱ्या मजल्यावर. कॉलला ७०० एमबी. बाकी कॅलेंडरांचे जे व्हिडिओ काढले ते बॅकअपला गेले, तेही डेटावर. मला वाटत होतं मी वायफायवर आहे.

बाबांना सांगितलं. काही बोलले नाहीत. यंदाचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि विचारलं, घरात लाल पेन आहे का?

निंबाची_सावली
पण फोडताई, ताट्या मिळाल्या का शेवटी?