शब्दचर्चा : ‘सुधारित नॅनोकण’ की ‘संस्कारित नॅनोकण’?

विचारणा : ‘वर्धित तेल पुनर्प्राप्तीसाठी सुधारित नॅनोकणांद्वारे बहुवारिक द्रायूंची सुधारणा’ असे एका लेखाचे शीर्षक अनुवादात आले आहे. (वर्धित तेल पुनर्प्राप्ती म्हणजे रसायने वगैरे सोडून खडकातून अधिक तेल काढणे, बहुवारिक म्हणजे पॉलिमर, द्रायू म्हणजे फ्लुइड.) ‘सुधारित’ आणि ‘सुधारणा’ एकापाठोपाठ आल्याने कोण कोणाला सुधारते आहे, हेच कळत नाही. अधिक नेमके शब्द जाणकारांनी कृपया सुचवावेत.

उत्तर : येथे दोन वेगळ्या क्रिया आहेत. तेलक्षेत्रात पाण्याबरोबर जे बहुवारिक, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ, तेल असलेल्या खडकात सोडतात, ते बहुधा अंशतः जलविच्छेदित पॉलिॲक्रिलअमाइड (एचपीएएम) असते. त्याच्या लांब साखळीवरील ऋण भार एकमेकांना दूर सारतात, साखळी पसरते आणि पाण्याची श्यानता (दाटपणा) वाढते, त्यामुळे ते पाणी तेलाला बगल देऊन पुढे न निसटता त्याला विहिरीकडे ढकलते. मात्र खडकातील पाण्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार असले की ते भार झाकले जातात, साखळी आक्रसते आणि श्यानता घसरते. उष्णता आणि पंपातील घुसळण त्यात भर घालतात. सिलिकाचे नॅनोकण (मीटरच्या अब्जांश मापात मोजायचे कण) अनेक साखळ्यांना एकमेकींशी जोडून ही घसरण रोखू शकतात, परंतु खाऱ्या पाण्यात ते स्वतःच गोळा होण्याची भीती असते, म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर सिलेनसारख्या सिलिकॉनयुक्त संयुगांचे गट आधी बसवतात. म्हणजे कणावर संस्कार होतो आणि सुधारतो तो द्रव. आयुर्वेदातील द्रव्यावरच्या संस्कारामुळे हा शब्द आपल्याला परका नाही. ‘पृष्ठसंस्कारित नॅनोकण’ हेच मला योग्य वाटते. ‘सुधारित’ म्हटले की कण आधी सदोष होता, असा भलताच ध्वनी निघतो.

पुरवणी : ‘पुनर्प्राप्ती’लाही माझा आक्षेप आहे. हरवलेली वस्तू किंवा पुसली गेलेली माहिती परत मिळते, तेव्हा पुनर्प्राप्ती होते. खडकातले तेल आपल्या हाती कधी आलेच नव्हते. ‘तेलप्राप्ती’ पुरेसे आहे. काही जण ‘तृतीयक तेलप्राप्ती’ लिहितात, कारण आधी नैसर्गिक दाब, मग पाणी किंवा वायू सोडणे आणि त्यानंतर रसायने, असा क्रम पुस्तकांत असतो. प्रत्यक्षात तो पाळला जातोच असे नाही. राजस्थानात बारमेरजवळच्या मंगला क्षेत्रात 2009 मध्ये उत्पादन सुरू झाले आणि काही वर्षांतच तेथे बहुवारिक सोडले जाऊ लागले, कारण तेथील तेल पाण्याहून बरेच घट्ट आहे. अशा ठिकाणी ‘वर्धित’ हाच शब्द टिकतो.

आणखी एक मत : ‘द्रायू’मध्ये द्रव आणि वायू दोन्ही येतात, येथे वायूचा संबंध नाही, म्हणून ‘द्रव’ लिहावे. ‘द्रावण’ मात्र टाळावे, कारण बहुवारिक पाण्यात विरघळते, तरी सिलिकाचे कण विरघळत नाहीत, ते कलिलासारखे (कोलॉइडसारखे), म्हणजे न विरघळता तरंगत, पसरून राहतात. ‘नॅनोकण’ रूढ आहे, तेच ठेवावे. ‘अब्जांश कण’ म्हटल्यास कणाचा अब्जावा भाग असा अर्थ कोणी घेईल, कारण अब्जांश हे माप मीटरचे आहे, कणाचे नव्हे. आणि ‘सूक्ष्मकण’ तर हजारपट मोठ्या, दशलक्षांश मापाकडे नेतो.

विचारणाकर्ता : आभारी आहे. ‘वर्धित तेलप्राप्तीसाठी पृष्ठसंस्कारित नॅनोकणयुक्त बहुवारिक द्रव’ असे शीर्षक करतो. लांब झाले आहे, पण मजकुरात पुढे ‘संस्कारित कण’ एवढेच लिहून भागेल.