जीएसटीचं थ्री बी रिटर्न सबमिट करताना हात थांबतो, स्वतःवरचा विश्वासच उडालाय

निळीशाई:
नमस्कार, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. वय २९, मुलुंडला एका सीए ऑफिसात सहा वर्षं जीएसटी बघते. जानेवारीत माझ्याकडून एका क्लायंटचं एकच बिल दोनदा धरलं गेलं, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, क्रेडिट म्हणतात ते, जास्त घेतलं गेलं. थ्री बी, म्हणजे दर महिन्याचं रिटर्न, एकदा फाइल झाली की रिव्हाइज होत नाही, मग पुढच्या महिन्यात ते जास्तीचं क्रेडिट रिव्हर्स केलं, १८ टक्क्यांनी व्याज भरलं, रक्कम फार नव्हती. सर ओरडले नाहीत, फक्त "तू? तुझ्याकडून?" एवढंच म्हणाले आणि ते अजून कानातून जात नाहीये.

तेव्हापासून नुसती तपासत बसते. १४ तारखेला टू बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं पोर्टलवरचं स्टेटमेंट, आली की परचेस रजिस्टरशी लावते, जुळलं की परत लावते, मग कॅल्क्युलेटरवर, मग स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ओळ. पाचव्यांदा बघताना तर हा आकडा मघाशी बघितला होता का हेच आठवत नाही. ओटीपी येतो आणि मी टाकेपर्यंत त्याची वेळ संपते, असं दोनदा झालंय. शेवटी बाजूच्या टेबलावरच्या मुलाला, जो माझ्याच हाताखाली शिकलाय, त्याला म्हणते बघ रे जरा. घरी जाताना ट्रेनमध्ये एआरएनचा, म्हणजे रिटर्न भरल्याच्या पोच नंबरचा, मेसेज परत परत उघडून बघते.

आणि आता सरांनी विचारलंय की सहा जणांची टीम सांभाळशील का. मी दोन आठवडे "विचार करून सांगते" म्हणून टाळतेय. काम येत नाही असं नाही हो, पण मला येतं यावर माझाच विश्वास राहिलेला नाही. कोणी यातून गेलंय का?

चारकोपची_काकू:
अगं बाळा, एवढं काय घेऊन बसलीस मनाला, सहा वर्षांत एक चूक! रोज सकाळी आरशात बघून दहा वेळा म्हण, मी हुशार आहे, मला सगळं जमतं. माझ्या सुनेला मुलाखतीच्या वेळी फार फायदा झाला. आणि वेळेवर जेव, वीस तारीख आली की तुम्ही मुली डबा तसाच परत आणता.

अर्धा_कप:
काकू, तुमची माया कळते, पण आरशाचं सगळ्यांना लागू पडत नाही. मी समुपदेशनाचं शिकतेय म्हणून माहितीये, कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांचा २००९ चा अभ्यास आहे, लोकांना स्वतःबद्दल चांगलं वाक्य घोकायला लावलं. ज्यांचं आधीच बरं चाललं होतं त्यांना किंचित बरं वाटलं, पण ज्यांचा स्वतःबद्दलचा भाव पडलेला होता त्यांना उलट जास्तच वाईट वाटलं. आतून कोणीतरी लगेच म्हणतं ना, कशावरून?

निळीशाई, तू जे लिहिलंस ना की पाचव्यांदा बघताना आठवतच नाही, ते वाचून मी थांबलेच. नेदरलँड्समध्ये २००३ साली नेमका हाच प्रयोग झालाय. कॉम्प्युटरवर गॅसची शेगडी, ती बंद केली का ते लोकांना परत परत तपासायला लावलं. शेवटी त्यांना विचारलं तर उत्तरं बरोबरच होती, स्मरणशक्तीला काही झालं नव्हतं, पण शेवटची तपासणी डोळ्यांसमोर धूसर झाली होती आणि आपल्याला नीट आठवतंय यावरचा भरवसा खूप घसरला होता. म्हणजे तुझी शंका काही तुझ्या नालायकीतून आलेली नाही, ती त्या परत परत बघण्यातूनच तयार होतेय आणि तू तिच्यावर औषध म्हणून अजून एकदा बघतेस.

दुसरं, सरांचं वाक्य. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विचारपद्धती आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी मराठीत रुजवली, त्यातलं एक मला फार उपयोगी पडतं. माझ्याकडून चूक झाली हे खरं, ते मान्य करायचं. माझ्याकडून चूक होताच कामा नये, हा मात्र आपणच काढलेला कायदा. तुला त्रास चुकीपेक्षा त्या कायद्याचा होतोय असं मला वाटतं. एक विचारू? घरी पण होतं का असं, गॅस, कुलूप वगैरे? तसं असेल तर डॉक्टरांना दाखव, लाजू नकोस. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीतही बोलतात.

निळीशाई:
घरी अजिबात नाही गं, फक्त ऑफिसात. पण शेगडीचं वाचून अंगावर काटा आला, अगदी तेच होतं माझं. मला वाटत होतं माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय.

कल्याण_यार्ड:
माझे बाबा मोटरमन होते, निवृत्त झाले. केबिनमध्ये एकटेच असायचे तरी सिग्नल दिसला की हात लांब करून मोठ्याने बोलायचे, दोन पिवळे, एक पिवळा, लाल. लहानपणी आम्ही बाजारात निघालो तरी रस्त्यावरच्या सिग्नलला त्यांचा हात आपोआप वर जायचा, आम्ही हसायचो. जपानच्या रेल्वेत ही बोट दाखवून बोलायची पद्धत फार जुनी आहे आणि तिथे १९९४ मध्ये चाचणी घेतली तर साध्या कामातल्या चुका सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या.

एकदा बाबांची गाडी प्लॅटफॉर्मच्या दोन डबे पुढे गेली. चौकशी झाली, परत ट्रेनिंगला पाठवलं. घरी आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. परत गाडीवर गेले त्या दिवशी आईने विचारलं, भीती नाही वाटत का? तर म्हणाले, वाटते ना, पण सिग्नल मागे वळून बघता येत नाही, एकदाच दिसतो, तेव्हा नीट बघायचा. तू एकदाच बघ, पण बोलून बघ. आकडा तोंडाने म्हण, कागदावर टिक कर.

मस्जिद_बंदर_२२:
मसाल्याच्या पेढीवर २२ वर्षं हिशेब लिहितोय, त्यामुळे थोडं कामाचं बोलतो. ताई, तुमचं तपासणं चूक नाही, तुम्ही एकाच बाजूने पाच वेळा तपासताय हे चूक आहे. त्याच ओळी त्याच क्रमाने बघितल्या की डोळा वाचतच नाही, सवयीने पुढे सरकतो. पहिल्यांदा ओळीने लावा. दुसऱ्यांदा ओळींकडे बघूच नका, मागच्या महिन्याशी ताडून बघा, खरेदी तेवढीच आणि क्रेडिट दीडपट असेल तर तिथेच पकडलं जातं. बिल नंबर आणि पार्टीचा जीएसटी नंबर लावून डुप्लिकेट काढायला एक्सेलला दोन मिनिटं लागतात, तुमची जानेवारीची चूक त्यातच सापडली असती. मग बंद करा.

आणि बाजूच्या मुलाला चोरून विचारू नका, ते रीतसर करा. एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं, दोघांची सही. मोठमोठ्या बँका अशाच चालतात, त्यात कमीपणा कसला? टीमचं म्हणाल तर सरांना चूक माहीत असूनच त्यांनी विचारलंय. तीन महिन्यांसाठी घेते म्हणा, आणि हीच पद्धत टीमला लावा.

निळीशाई:
आज २१, काल शेवटची तारीख होती म्हणून सांगायला आले. अकरा क्लायंट होते. पहिली तपासणी बोलून केली, हळू आवाजात, बाजूचा मुलगा दोनदा म्हणाला काय म्हणालात मॅडम. डुप्लिकेट एक सापडलं, माझं नव्हतं, क्लायंटनेच बिल दोनदा पाठवलेलं. दुसरी तपासणी त्या मुलाने केली आणि शीटवर सही केली. सातव्या क्लायंटला पोटात परत गोळा आला, परत उघडून बघावंसं खूप वाटलं, दोन मिनिटं हात मांडीखाली घेऊन बसले अक्षरशः. मग ओटीपी टाकला. पहिल्याच वेळेला गेला.

ट्रेनमध्ये एआरएन तीन वेळा उघडला, खोटं कशाला सांगू. मागच्या महिन्यात ठाण्याच्या आधीच मोजणं सोडलं होतं.

सरांशी सोमवारी बोलणार आहे. काकू, डबा खाल्ला.

चारकोपची_काकू:
शाब्बास! काय होतं भाजीला?