मदत हवी आहे: सायकलच्या टू-स्ट्रोक इंजिनाचा जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा स्क्रू) लहान करायचा आहे

इंदूर. साध्या सायकलवर बसवलेलं किट आहे, '८० सीसी' म्हणून विकतात तेच (बोअर ४७, स्ट्रोक ३८, म्हणजे खरं तर ६६ सीसी). महूजवळच्या शेतावरच चालवतो, रस्त्यावर नाही. तेव्हा आरटीओची चर्चा नको.

अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे इंजिन फडफडतं, चढावर जोर मरतो. प्लग काळा, ओलसर निघतो. मिश्रणात पेट्रोल जास्त होतंय, हे उघड आहे. त्यात आपलं इंदूर साधारण ५५० मीटर उंचावर, हवा थोडी विरळ.

पेट्रोल कमी व्हावं म्हणून कार्बोरेटरच्या सुईची क्लिप सगळ्यात वरच्या खाचेत घातली, मधल्या थ्रॉटलला जरा फरक पडला, फुल थ्रॉटलला शून्य. चोक पूर्ण उघडतो. फ्लोटची पातळी, एअर फिल्टर, प्लगचा गॅप बघून झालं. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण २५:१, ऑइल कमी करणार नाही. मोठा सायलेन्सर लावा असं मिस्त्री सांगतो, पण आधी कार्बोरेटर सुधारल्याशिवाय त्यात पैसे घालणं मला पटत नाही.

मूळ जेट झाळून बारीक ड्रिलने पुन्हा पाडावा, की जुन्या लूनाचा जेट याच्या आट्यांत बसतो? आणि पिस्टन जाम होऊ नये म्हणून एका वेळी भोक किती कमी करावं?