मदत हवी आहे: गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) फोल्डरचं नाव बदललं, मर्ज केल्यावर नव्या फाइली जुन्याच फोल्डरात

उद्यमबागकर: अर्जंट आहे. फौंड्रीचं बिलिंग सॉफ्टवेअर. माझ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) 'बिल' फोल्डरचं 'इन्व्हॉइस' केलं. तिकडं मेनवर, म्हणजे मुख्य ब्रँचवर, पोरानं 'बिल'मध्ये जीएसटीच्या दोन नव्या फाइली टाकल्या. दोन्ही ब्रँच मर्ज (एकत्र) केल्या तर जुन्या फाइलींतले बदल बरोबर 'इन्व्हॉइस'मध्ये आले, नव्या दोन मात्र 'बिल'मध्येच. कॉन्फ्लिक्ट पण नाही, गिटनं थांबून काही विचारलंच नाही. संध्याकाळी पार्टीला डेमो द्यायचाय, सांगा की लवकर.

निपाणी_डेव्ह: गिटचं व्हर्जन कुठलं? अख्खा फोल्डर हललाय हे मर्जला २.१८ पासून कळतं.

टिळकवाडी_काका: फाइल हलवायची गिटची कमांड 'गिट एमव्ही' वापरली नसणार. एक्सप्लोररमधून नाव बदललं की असंच होतं.

निपाणी_डेव्ह: काका, त्याचा संबंध नाही. नाव बदलल्याची नोंद गिट कुठंच ठेवत नाही. मर्जच्या वेळी मजकूर ताडतं, निम्मा तरी जुळला तर तीच फाइल धरतं.

टिळकवाडी_काका: मग आधी नुसतं नाव बदलून एक कमिट (बदलांची नोंद), बाकीचे बदल दुसऱ्यात. मी कायम तसंच करतो, कधी अडलं नाही.

चिकोडीकर: मर्जला त्यानं फरक पडत नाही. दोन ब्रँचची टोकं आणि त्यांचा सामाईक कमिट, एवढंच ते बघतं. लॉग वाचायला बरं पडतं, हे मान्य.

खानापूरवाला: विंडोजवर एक्सप्लोररमधून नुसतं स्मॉलचं कॅपिटल केलं तर गिटला पत्ता लागत नाही. मधे तिसरं नाव द्या. आमच्याकडं पाऊस लागलाय, नेट गेलं की उत्तर उद्या.

उद्यमबागकर: व्हर्जन २.४३. वाद नंतर घाला हो.

निपाणी_डेव्ह: मग कॉन्फ्लिक्ट यायला पाहिजे होता. तुझ्या ब्रँचवर 'बिल'मध्ये काही शिल्लक आहे का?

उद्यमबागकर: प्रिंटची एक टेम्प्लेट आहे. डॉट मॅट्रिक्सचा जुना प्रोग्रॅम तिथूनच उचलतो. त्याचं काय?

चिकोडीकर: तिथंच घोडं अडलंय. जुन्या फोल्डरात एक फाइल जरी राहिली तरी फोल्डर हलला असं गिट धरत नाही. आज दोनच फाइली आहेत, हातानं 'गिट एमव्ही' करून मोकळा हो. मेनवर अजून भर पडणार असेल तर टेम्प्लेट दुसरीकडं हलव, त्या प्रोग्रॅमचा पाथ बदल. मग मर्ज 'फाइल लोकेशन' कॉन्फ्लिक्ट दाखवेल, फाइल मात्र नव्या जागी ठेवलेली असेल. बघून 'गिट ॲड' कर. विचारणाच नको असेल तर 'मर्ज.डिरेक्टरीरिनेम्स' ही सेटिंग ट्रू कर.

टिळकवाडी_काका: ट्रू अजिबात करू नका. न विचारता फाइली हलतात, मग बसा शोधत.

उद्यमबागकर: हातानं हलवल्या. आता बिल्ड फुटायलंय, जीएसटीच्या फाइलीचा इम्पोर्ट सापडेना.

निपाणी_डेव्ह: एरर पूर्ण टाक.