एंजल मासा आणि निऑन टेट्रा एकाच टँकमध्ये जमतील का?

काचेपलीकडे
टँक ९० × ३० × ४५ सेमी (उंची ४५). सायकल (अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वाढणं) पूर्ण झालेली आहे, अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १५-२० पीपीएम. पीएच ७.२, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) २८०, हीटर २७ अंशांवर. आत १० निऑन आणि ६ ब्राँझ कोरी (तळाशी राहणारे छोटे मासे). दोन एंजल आणायचा विचार आहे. कोणते मासे एकत्र राहतात याचे तक्ते बघितले तर एकात हिरवी खूण, दुसऱ्यात लाल. आणू का? आणायचे तर केवढे आणू?

गाळणी
दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर आहेत. एंजलचं पिल्लू आणि निऑन सुखाने राहतात. पूर्ण वाढलेला एंजल आणि निऑन म्हणजे ताटात वाढलेलं जेवण. तक्त्यात वय लिहिलेलं नसतं, तिथेच घोळ होतो.

लोक लांबी मोजतात: निऑन ३ सेमी, एंजलचं तोंड एवढंसं, मग कसा खाईल? लांबी नाही, जाडी बघा. निऑन सडपातळ, जेमतेम पाऊण सेमी उंचीचा. एंजल तोंड पुढे काढून उघडतो तेव्हा ते मिटलेल्या तोंडापेक्षा बरंच मोठं होतं, आणि निऑन डोक्याकडून सरळ आत जातो. एंजलचं अंग (पर सोडून) ७-८ सेमीचं झालं की हा धोका सुरू होतो. चांगलं खाणं मिळालं तर वर्षाच्या आतच तो तिथवर पोचतो.

आता तापमान. निऑनला २२ ते २५ मानवतं, एंजलला २५ ते २८. तुमचा हीटर आत्ताच २७ वर आहे, म्हणजे एंजल येण्याआधीच निऑन त्यांच्या सोयीच्या वर राहताहेत. लगेच काही दिसत नाही, पण चयापचय वाढतो, पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि आयुष्य घटतं. दोघांनाही ठेवायचेच असतील तर २५ वर आणा, दिवसाला एका अंशापेक्षा जास्त उतरवू नका.

तळ्याकाठी
दोघंही ॲमेझॉनच्याच खोऱ्यातले ना? मग एवढी भीती कशाला?

गाळणी
खोरं एक आहे म्हणून पाणी जुळतं. शेजार जुळतोच असं नाही. निसर्गात एंजलच्या आहारात लहान मासे असतातच. तिथे निऑनला पळायला अख्खा ओढा असतो, इथे ९० सेमी.

शेवाळ_नको
जागेचा हिशोबही करून घ्या. ९० × ३० × ४५ म्हणजे कागदावर १२१ लिटर. तळाला ५ सेमी वाळू आणि वर ४ सेमी मोकळं सोडलं की पाण्याची उंची ३६, म्हणजे सुमारे ९७ लिटर. त्यातून लाकूड, दगड वजा. वाढलेला एंजल वरच्या पराच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत २० सेमीच्या पुढे जातो. म्हणजे पाण्याच्या उंचीला ठीक, पण ३० सेमी रुंदीत वळताना पर काचेला लागतात.

आणि दोनच एंजल हा सगळ्यात वाईट आकडा. जोडी जुळलेली नसेल तर वरचढ असलेला दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून ठेवतो, खाऊ देत नाही. एवढ्या टँकला एकच एंजल, किंवा आधीच जुळलेली जोडी. पाच-सहाचा गट हवा तर २५० लिटरच्या वर जा.

टीडीएसवरून पाणी मऊ की जड हे कळत नाही, त्यात सगळेच क्षार येतात. जीएचचं (पाण्याच्या जडपणाचं) टेस्ट किट घ्या. टँकमध्ये पैदास झालेल्या दोन्ही जातींना जीएच १० पर्यंत सहसा चालतो. पीएच ७.२ ला हात लावू नका, औषधं ओतून खाली आणलेला पीएच दोन दिवसांत परत उसळतो आणि त्या हेलकाव्याचाच जास्त त्रास होतो.

काचेपलीकडे
एकच आणला तर? आणि निऑन काढून दुसरं काय ठेवता येईल?

निळीरेघ
निऑनच्या जागी रमीनोज टेट्रा बघा. ४-५ सेमी, चपळ, घट्ट थवा करून पोहतात आणि २६-२७ त्यांना मनापासून आवडतं. ८-१० ठेवा. लेमन टेट्राही चालतील, अंगाने उंच असल्यामुळे गिळायला कठीण. कार्डिनल टेट्रा गरम पाण्याला निऑनपेक्षा चांगले, पण बांधा तोच सडपातळ, म्हणजे तापमानाचा प्रश्न सुटतो, तोंडाचा नाही. सर्पे टेट्रा आणि टायगर बार्ब अजिबात नको, ते उलट एंजलचेच लांब पर कुरतडतात. गप्पीही नको.

गाळणी
निऑन काढायचे नसतील तर क्रम महत्त्वाचा. निऑन पूर्ण वाढलेले आणि आधीपासून टँकमध्ये मुरलेले हवेत, एंजल अगदी लहान, अंग २-३ सेमीचं. असा एंजल निऑन बघतच मोठा होतो आणि बरेचदा त्यांना खाणं समजत नाही. बरेचदा म्हणतोय, हमखास नाही. उलट, मोठ्या एंजलच्या टँकमध्ये नवे निऑन सोडणं म्हणजे खाणं टाकणंच.

सोडण्याआधी लाकूड-दगडांची मांडणी बदला, मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया (लांब पानांची पाणवनस्पती) दाट लावा. पिशवी २० मिनिटं तरंगत ठेवा, मग तासभर दर दहा मिनिटांनी कपभर टँकचं पाणी पिशवीत घाला. मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टँकमध्ये नको. त्या दिवशी दिवा बंद.

रोजचं खाणं दोन टोकांना. आधी एका टोकाला एंजलचे मोठे दाणे, तो तिथे गुंतला की दुसऱ्या टोकाला निऑनसाठी बारीक. भुकेला एंजल आणि समोर निऑन, ही वेळच येऊ देऊ नका.

निळीरेघ
पहाट विसरू नका. रात्री निऑनचा रंग फिका पडतो, ते सुस्त होऊन खाली थांबतात. टँकचा दिवा एकदम लागला की एंजल लगेच जागा, निऑन अजून अर्धवट. बहुतेक निऑन याच वेळी गायब होतात. आधी अर्धा तास खोलीत उजेड होऊ द्या, मग टँकचा दिवा. आणि रोज मोजा. एक कमी झाला आणि मेलेला कुठे सापडत नाही, तर एंजलला चव लागली असं समजा आणि त्याच दिवशी वेगळे करा.

शेवाळ_नको
क्वारंटाइनबद्दल कोणी बोललं नाही. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये, कुठलाही असो. निऑन टेट्रा डिसीज नावात निऑन असला तरी एंजललाही होतो. रंगाची पट्टी मधेच पांढरट पडलेला, थव्यापासून लांब राहणारा निऑन दिसला की लगेच बाहेर काढा. तो मेला आणि इतरांनी खाल्ला तर परजीवी त्यांच्या पोटात जातो. यावर खात्रीचं औषध नाही.

काचेपलीकडे
ठरलं. निऑन मित्राच्या २४ अंशांच्या टँकमध्ये जातील, इकडे १० रमीनोज आणि एक छोटा एंजल. कोरी राहू देऊ ना? पुढे जुळलेली जोडी केली आणि अंडी घातली तर?

गाळणी
ब्राँझ कोरी २६ ला राहतील, हीटर २७ वरून २६ वर आणा. रमीनोज आणि एंजल एकदम आणू नका, आधी रमीनोज, मग तीन आठवड्यांनी एंजल. फिल्टरमधल्या बॅक्टेरियाला तेवढा वेळ द्या.

जोडी अंडी उभ्या पानावर किंवा फिल्टरच्या पाइपवर घालते. पिल्लं साधारण अडीच दिवसांत बाहेर पडतात, आणखी चार-पाच दिवसांनी पोहायला लागतात. या काळात जोडी बाकी सगळ्यांना टँकच्या एका टोकाला हाकलून देते आणि रात्री कोरी अंडी फस्त करतात. पिल्लं हवी असतील तर अंड्यांचं पान किंवा पाइप उचलून त्याच पाण्याच्या वेगळ्या टँकमध्ये ठेवा, एअर स्टोनचे बुडबुडे अंड्यांच्या शेजारून जाऊ द्या, थेट अंड्यांवर नको.