'बहाल करणे' म्हणजे देणे की परत देणे?

अनुजा_व्हर्जिनिया: ओळखीतल्या एका मुलाच्या आईसाठी कोर्टाच्या अर्जाचं मराठी करत होते. मुलावर तरुणपणी फसवणुकीची केस, शिक्षा भोगून झाली, गव्हर्नरने मतदानाचा हक्क परत दिला, पण इथे अमेरिकेत, व्हर्जिनियात, बंदुकीचा हक्क त्यात येत नाही, सर्किट कोर्टात वेगळा अर्ज लागतो. मी लिहिलं 'बंदूक बाळगण्याचा हक्क बहाल करावा'. रात्री त्या आईचा, म्हणजे काकूंचा फोन, "अगं कोर्ट त्याला बंदूक कशाला देतंय?" माझा शब्द चुकला का?

देवदत्त: चुकलाच. हे हिंदी बहाल. मराठीत पदवी बहाल करतात, जी आधी नसते. 'पुनःस्थापना' लिहा.

मोडीप्रेमी: फारसी ब-हाल, म्हणजे आहे त्या स्थितीत. वतन बहाल केलं म्हणजे होतं तसं चालू ठेवलं. मूळ अर्थ हिंदीने जपला, आपण सोडला. ताई, तुमचा शब्द बरोबर आहे.

देवदत्त: काकू मोडी कागद वाचत नाहीत हो.

सावंत_कुडाळ: आमच्याकडे शेतीसंरक्षणाची बंदूक आहे, रानडुकरांसाठी. इलेक्शन लागलं की ठाण्यात जमा करायची, पावती जपून ठेवायची, निकालानंतर बाबा म्हणायचे "बंदूक सोडवून आणतो". तसं 'हक्क सोडवून घेणे' चालेल की!

देवदत्त: नको. घाईत 'हक्क सोडला' वाचलं की अर्थ उलटा.

वकीलकाका: 'परवाना परत मिळावा' लिहा, सोपं आहे.

अनुजा_व्हर्जिनिया: काका, परवाना नाहीये हा. अमेरिकेच्या 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीतला हक्क आहे. 1968 च्या बंदुकांवरच्या केंद्रीय कायद्याने, ढोबळमानाने, वर्षाहून जास्त कैद होऊ शकेल असा गुन्हा सिद्ध झाला की तो जातो, प्रत्यक्षात किती दिवस आत होता ते बघत नाहीत. केंद्राकडे अर्जाची सोय होती पण 1992 पासून संसदेने त्या कामाला पैसेच देणं थांबवलं, कित्येक वर्षं ती कागदावरच.

वकीलकाका: मग आपल्याकडे शब्द नाही याचं नवल नाही. 1959 चा शस्त्र अधिनियम, कलम 9, हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झाली तर शिक्षा संपल्यावर 5 वर्षं बंदी. पुढे ती आपोआप सरते, मग परवान्यासाठी रांगेत उभे राहा. हक्क गेलाच नाही तर परत काय येणार? 'बंदी उठवावी' लिहा.

अनुजा_व्हर्जिनिया: त्यात 'माझं होतं ते द्या' कुठे येतं? त्याला बंदूक घ्यायचीच नाहीये हो. तो म्हणतो, मावशी, मला बाकीच्यांसारखं धरा, एवढंच.

सावंत_कुडाळ: मग सरळ 'हक्क परत मिळावा'. आमची आजीसुद्धा समजेल.

देवदत्त: अर्जात बोली भाषा?

मोडीप्रेमी: का नको? बाय द वे 'बंदूक' अरबी बुन्दुकवरून, म्हणजे हेझलनट, मग गोळी, मग गोळी उडवणारी.

सावंत_कुडाळ: आमच्याकडे तिला हत्यार म्हटलं की सुतार आधी वळून बघतो, त्याच्या करवत-पटाशीला पण हत्यारंच म्हणतात. हे फक्त कोकणात की घाटावर पण?